सारंगचे बाबा यांस

किलकेनी, आयर्लंड
२० सप्टेंबर २०१७

मुक्ताचे बाबा यांस,

सा. न. वि. वि. चौथीत गुरुजींनी एवढी चार अक्षरं छडीने पक्की करून घेतली होती, म्हणून लिहिली. पुढचं माझं मीच लिहिते. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, आणि मी काही बोलायला गेले की मुक्ता फोन ओढून तुम्हाला बाळ दाखवते. मग माझं बोलणं पोटातच राहतं. म्हणून कागद घेतला. काना-मात्रा चुकली तर हसू नका. हसलात तरी मला कुठं दिसणार आहे.

मुक्ता बरी आहे. टाके सुकले. डॉक्टर असूनही स्वतःच्या बाळाला शिंक आली तरी घाबरते. स्वरांगी अगदी तुमच्यावर गेली आहे. काही विचारलं की छताकडे बघते. हृषीकेशराव आठवड्यातून तीन दिवस गाडी घेऊन चेरीवूडच्या ऑफिसात जातात. उरलेले दिवस कानाला यंत्र लावून घरातच भिंतीशी इंग्रजी बोलतात. स्वभावाने चांगले आहेत. फरशी गार म्हणून माझ्यासाठी लोकरीच्या स्लीपर आणल्या. तुम्ही मात्र तिकडे मोशीत अजून घरात अनवाणीच फिरत असणार. शेजारच्या मामा नीमाने तुमच्यासाठी टायरच्या चपला आणून दिल्या त्या घाला हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पायात काहीतरी घाला हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

इथली माणसं वाईट नाहीत. शेजारचे म्हातारे रोज भिंतीवरून हात करतात आणि सगळं ग्रँड आहे म्हणतात. पाऊस असला तरी ग्रँड, नसला तरी ग्रँड. पण घरात कोणी येत नाही. बेल वाजली की पार्सलवाला. मोशीत मामा नीमा कुंपणापाशी उभी राहून होडी, म्हणजे येऊ का, अशी हाक द्यायची आणि मी करिबू, ये, म्हणेपर्यंत पाय आत टाकायची नाही. आली की मग तास तास उठायची नाही. मुलं कशी, घर कसं, काम कसं, रात्र कशी गेली, एवढं सगळं विचारून झाल्यावर मग सांगायची की मीठ संपलंय. मी किती चिडायचे, मीठ न्यायला आलीस तर मीठ मागून मोकळी हो ना. आता इथे तेच आठवतं. मला कोणी इतकं विचारतच नाही.

दीड वर्षापूर्वी मी तिथे टांझानियात रडत आले होते. परदेश, काळी माणसं, भाषा येत नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात गेले तर गाडीला गारी, दुकानाला दुका, आंब्याला एम्बे. चपाती ती चपातीच आणि चहा तो चाय. म्हटलं, हे तर आपल्याच घरातून भांडं नेल्यासारखं झालं. महिन्याभरात मी केळीवालीशी घासाघीस करत होते. इथे तीच मी दुकानात मुक्ताच्या मागे मुकी उभी असते.

आणि त्यांचं ते पोले. पाय घसरला, पोले. डोक्यावर ओझं असलं, पोले. नुसते दमलेले दिसलात तरी रस्त्यावरचं अनोळखी माणूस पोले म्हणून जातं. माफी नाही मागत ते. तुझं दुखतंय ते मला दिसतंय, एवढंच सांगतात. आपल्यात कोणी पडलं तर आपण काय म्हणतो, तर बघून चालता येत नाही का.

आता मुद्द्याचं. माझा इथला व्हिसाचा शिक्का तीन महिन्यांचा. डिसेंबरात संपला की मुक्ता म्हणते तुम्ही दोघं आता आष्ट्याला जाऊन स्वस्थ बसा. मला आष्ट्याला जायचं नाही. मला मोशीला यायचंय. तुमचा साखर कारखान्याचा करार डिसेंबरात संपतो, तो आणखी एक वर्ष वाढवून घ्या.

का, ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही ते वाचल्याशिवाय सुटणार नाही. मामा नीमाने पहिल्याच भेटीत विचारलं, पहिल्या मुलाचं नाव काय. तिथे बाईला तिच्या थोरल्याच्या नावाने हाक मारतात. तिची थोरली नीमा म्हणून ती मामा नीमा, नीमाची आई. मी म्हटलं, सारंग. खोटं नाही बोलले, पहिला तोच. दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली मला मामा सारंग म्हणायला लागली. केळीवाली, दूधवाला, चर्चमधून येणाऱ्या पोरी. मामा सारंग शिकामू, म्हणजे तुमचे पाय धरतो, आणि मी म्हणायचे मरहबा. तो अडीच वर्षांचा असताना तापाने गेला, तेव्हापासून आष्ट्यात कोणी ते नाव तोंडात घेतलं नाही. मला दुखेल म्हणून. तुम्हीही नाही. आणि तिथे परक्या लोकांच्या तोंडून दिवसभर माझ्या पोराचं नाव माझ्या कानावर पडायचं. मला दुखायचं नाही. मला बरं वाटायचं.

तुम्हाला बाबा सारंग म्हटलं की तुम्ही मात्र दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं तोंड फिरवायचात. ते मी बघत होते.

करार वाढवा. औषध वेळेवर घ्या. लोभ आहेच, तो त्या साखरेच्या पाकात विरघळवून टाकू नका.

तुमची,
उर्मिला

००

मोशी, टांझानिया
११ ऑक्टोबर २०१७

चि. सौ. उर्मिला हीस,

नंदकुमारचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल कारखान्याच्या ऑफिसात मिळालं. अक्षर चांगलं आहे, मी हसलो नाही. एका ठिकाणी हसलो, पण ते भिंतीशी इंग्रजी बोलण्याला.

इकडे सर्व ठीक. हंगाम जोरात आहे. पाक शिजवायच्या पॅनवर दोन पोरं माझ्या हाताखाली तयार झाली आहेत. पाकाचा थेंब बोटावर धरून दाणा बघायला शिकली. रोज सकाळी आधी शिकामू म्हणतात, मगच वाफेचा व्हॉल्व्ह उघडतात. आपल्याकडे पाया पडायला वाकावं लागतं, इथे ते तोंडाने होतं, आणि धाकटा कितीही घाईत असला तरी म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. घड्याळाची अजून गंमतच होते. सकाळचे सात त्यांच्या हिशेबाने एक. सूर्य उगवला की दिवस मोजायला सुरुवात. परवा मुकादमाने दोन वाजता ये म्हटलं, मी दुपारी गेलो, तो बिचारा सकाळी आठपासून वाट बघत होता.

डोंगर सध्या सकाळी स्पष्ट दिसतो. वर बर्फ आणि खाली आपल्या कुंपणावर घामाने भिजलेले माझे कपडे. तुझ्या आणि मामा नीमाच्या त्या जोड कांग्यातला तिचा अर्धा काल तिथेच वाळत होता. बाजारात दोन अंगवस्त्रं जोडूनच विकतात आणि मैत्रिणी ती मधून कापून एकेक घेतात, हे तू मला सांगितलं होतंस तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं. काल बघून आठवलं. ती रोज विचारते, तू कधी येणार.

आता करार. उर्मिला, मी सही करणार नाही. पॅनजवळची वाफ आता सोसत नाही. दोन जिने चढलो की धाप लागते. इथल्या डॉक्टरांनी आणि मुक्तानेही फोनवर हेच सांगितलं. साहेबांना कळवून टाकलं. डिसेंबरात आष्टा. घर बंद राहून आतून ओल धरली असेल, ते बघायला पाहिजे.

बाकी तू जे लिहिलंस ते वाचलं. आता मुक्ता आहे, स्वरांगी आहे. पुढचं बघावं. जुनं उगाळून काय होणार. तू मनाची खंबीर आहेस, समजून घेशील.

चपला घालत नाही, पण ठेवल्या आहेत. चि. मुक्ता व जावईबापूंस आशीर्वाद, बाळास अनेक पापे. माझ्यावरचा राग पत्राएवढाच असू दे, घडी घालून ठेवता येईल असा.

तुझा,
नंदकुमार

००

किलकेनी
१ नोव्हेंबर २०१७

मुक्ताचे बाबा यांस,

नमस्कार. कुशल विचारत नाही. धाप लागते हे तुम्ही मला पत्रात, कपडे वाळत घातल्याच्या ओळीनंतर सांगता, यावरूनच कळलं. सही केली नाहीत ते बरंच केलंत. माझं मन काय म्हणतं ते वेगळं, पण तुम्ही वाफेत उभे राहून पडलात तर मला मोशी काय करायचीय.

पण जुनं उगाळून काय होणार, असं मला पुन्हा लिहू नका. इथे दोन आठवड्यांपूर्वी वादळ आलं. शाळा, दुकानं, गाड्या सगळं बंद. शेजाऱ्यांच्या परसातलं झाड आडवं झालं, दिवे गेले. त्या वादळाला नाव होतं, ओफेलिया. वादळ एका दिवसात निघून गेलं, पण अजून जो तो ओफेलिया ओफेलिया करतोय. पत्रे उडवून गेलेल्या वाऱ्याचं नाव घेतात लोक. आणि माझा पोरगा अडीच वर्षं घरात हसला-खेळला, त्याचं नाव घ्यायचं नाही.

आता काय झालं ते ऐका. स्वरांगी पाळण्यात झोपत नाही, ढकलगाडीत किंचाळते. मग मी माझा अर्धा कांगा काढला आणि मामा नीमाने शिकवलं तशी तिला पाठीला बांधली. दोन मिनिटांत झोपली. तशीच हाय स्ट्रीटवरून चालत गेले. मुक्ता चार पावलं पुढे चालत होती, जशी ती माझी कोणी नाहीच. लोक बघायचे, हसायचे, एका बाईने तर फोटो काढू का म्हणून विचारलं. मी म्हटलं ग्रँड. मला तेवढंच येतं.

परवा बाळाला टोचायला नेलं. तिथली नर्स केन्याची. माझ्या पाठीवरचा कांगा बघितला आणि त्याच्या काठावर छापलेली अक्षरं वाचून हातातलं काम टाकून हसायलाच लागली. मी म्हटलं हबारी, काय खबर. बाई, काय सांगू. तिने माझे दोन्ही हात धरले. घर कसं, मुलं कशी, तब्येत कशी, पाऊस सोसतो का. बाहेर माणसं खोळंबली होती, पण तिने एकही प्रश्न गाळला नाही. मीही चिडले नाही, सगळ्यांची उत्तरं दिली. मग तिने विचारलं, तुम्ही कोणाच्या आई. मी म्हटलं, मामा सारंग.

मुक्ता बाळाची मांडी उघडी करून उभी होती. नर्सने तिला सहज इंग्रजीत विचारलं, तुझा थोरला भाऊ सारंग पण आयर्लंडमध्येच असतो का. मुक्ताने माझ्याकडे बघितलं. एक भाऊ झाला होता नि गेला, एवढंच तिला आजीने कधीतरी सांगितलं होतं. नाव तिला आत्ता कळलं, तेही सुई टोचताना, परक्या बाईकडून.

तिने गाडी घराकडे वळवली. पुढे पेट्रोल पंपापाशी गाडी लावली, वायपर तसेच चालू ठेवले. म्हणाली, आई, इतकी वर्षं मला वाटायचं मी थोरली आहे. तू मला सांगायचं होतंस. मी म्हटलं, सांगायला तोंड कुठं होतं, ते नाव घरात निघालं की तुझे बाबा उठून बाहेर जायचे. मग ती रडली. मग मी रडले. मग स्वरांगी उठली आणि आमचं दोघींचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून ती विचारत असते. भात वाढता वाढता, कपडे घडी करता करता. काय खायचा. गुळाचा खडा. कसा दिसायचा. कान तुमच्यासारखे. कशाला घाबरायचा. बैलपोळ्याच्या ढोलाला. काल तिने विचारलं, बाबा कामावरून आले की तो काय करायचा. मला सांगता येईना. त्या वेळी मी नेहमी चुलीपाशी असायचे, दाराकडे पाठ. एवढंच आठवतं की कारखान्याचा भोंगा झाला की तो माझ्याजवळून पळायचा.

ते तुम्हालाच माहीत असणार. प्रश्न आता माझा नाही, तुमच्या लेकीचा आहे. ती सारंग म्हणते हो. तिच्या तोंडात ते नाव नवीन आहे म्हणून जरा जपून म्हणते, जसं गरम काहीतरी तोंडात धरलंय.

मामा नीमाला सांगा, इथे एक बाई भेटली. आणि मला उत्तर लिहा. लिहायचं नसेल तर लिहू नका, पण मग आशीर्वादही पाठवू नका. प्रेम उणं करू नका, ते आधीच तोंडदेखलं नाही म्हणून मी इतकं भांडते.

उर्मिला

००

मोशी
२३ नोव्हेंबर २०१७

उर्मिला,

तुझं पत्र येऊन पाच-सहा दिवस झाले. रोज बसतो आणि उठतो.

रविवारी माझा निरोप झाला. कामगारांनी कारखान्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. भात, केळ्यांची रस्साभाजी, खास माझ्यासाठी चपात्या. साहेबांनी माझं नाव उच्चारायचा प्रयत्न केला, तीनदा अडखळले. तेव्हा मागून मामा नीमा उठली आणि म्हणाली, ह्यांना बाबा सारंग म्हणा, आम्ही हेच म्हणतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी बोलावं अशी पद्धत आहे, म्हणून मी उभा राहिलो.

मला वाटलं होतं आभार मानून बसावं. पण पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, सारंग कुठे आहे, तो न्यायला येणार का तुम्हाला. त्याने सहजच विचारलं होतं. आपल्या भाषेत कोणी विचारलं असतं तर मी उठून गेलो असतो, तू म्हणतेस तसा. पण त्यांच्या भाषेतले मला मोजकेच शब्द येतात, त्यात लपायला जागा नाही. मी म्हटलं, माझं मूल, पहिलं मूल, लहान होतं, ताप आला, गेलं. एवढंच. आणि ते सगळे, शंभरएक माणसं, एका आवाजात म्हणाले, पोले. पोले साना, बाबा सारंग. नंतर एकेक जण येऊन हात धरून पुन्हा म्हणून गेला. कोणी घाई केली नाही. कोणी म्हटलं नाही की पुढचं बघा.

घरी येऊन मी दार लावलं आणि मोठ्याने त्याचं नाव घेतलं. आवाज कसा निघतो ते बघायला.

मुक्ताने विचारलं त्याचं उत्तर लिहितो. तिला वाचून दाखव.

शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की तो माझ्या घरातल्या स्लीपरांपैकी एक उचलायचा. एकच, नेहमी डावी. ती छातीशी धरून पुढच्या उंबऱ्यावर बसायचा. मी आलो की ती माझ्यापुढे ठेवायचा. दुसरी कुठे आहे विचारलं की हात हलवून नाही म्हणायचा. मग मी एक स्लीपर घालून, एका पायावर लंगडी घालत घरात यायचो आणि तो पाठीमागून लंगडी घालत यायचा. त्याला जमायची नाही, दोन्ही पाय टेकायचे, पण आपली लंगडीच आहे असं त्याला वाटायचं. तू चुलीपाशी असायचीस. आम्ही आत येईपर्यंत दुसरी स्लीपर त्याने आणून दिलेली असायची.

तो गेल्यावर पहिल्या दिवशी कामावरून आलो तेव्हा उंबऱ्यावर दोन्ही स्लीपर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. कोणीतरी केर काढताना ठेवल्या असतील. त्यानंतर मी घरात पायात काही घातलं नाही. तू समजलीस मला फरशीचा गारवा बरा वाटतो. मी तसंच समजू दिलं. पुढे सगळा जन्म मी भोंग्याखालीच काम केलं, इथेही. रोज तो झाला की हात क्षणभर थांबतो. पॅनवरच्या पोरांना वाटतं मी दाणा बघतोय.

मी अकरा डिसेंबरला निघतो. घर झाडून ठेवतो, तू मागाहून ये.

मामा नीमाने तिचा अर्धा कांगाही माझ्याकडे दिलाय. म्हणाली, नातीला आता दोन आज्या.

मुक्तास सांग, तिच्या भावाचं नाव जपून घ्यायची गरज नाही.

सारंगचा आणि मुक्ताचा बाबा

००

किलकेनी
३ डिसेंबर २०१७

सारंगचे बाबा यांस,

सा. न. वि. वि. हे पत्र मोशीला पोचणार नाही, म्हणून आष्ट्याच्या पत्त्यावर टाकते. कुलूप काढाल तेव्हा दाराच्या फटीतून आत पडलेलं असेल.

तुमचं पत्र मुक्ताने वाचलं. मी वाचायला घेतलं होतं, स्लीपरपर्यंत गेले आणि अक्षर दिसेना, मग तिने पुढचं वाचलं. हृषीकेशरावांनी कानातलं यंत्र काढून ऐकलं. वाचून झाल्यावर मुक्ता उठली, माझी लोकरीची एक स्लीपर घेतली आणि स्वरांगीच्या छातीशी ठेवली. तिने ती चाखून बघितली. तिला अजून सगळंच खायचं असतं.

मला वाटत होतं मोशी सुटली की पोराचं नाव सुटलं. म्हणून मी इतकी अडून बसले होते. आता ते इथे घरात आहे, आणि तुमच्या अक्षरातही आहे. तरी मोशी आठवेलच. कुंपणापाशी कोणी होडी म्हटलं असं वाटतं आणि मी पावसात दार उघडते. समोर पार्सलवाला.

मी चौदा तारखेला पोचते. घर झाडा, पण उंबऱ्याशी काही मांडून ठेवू नका. कारखान्याचा भोंगा आष्ट्यापर्यंत ऐकू येतो हे मी विसरले होते. संध्याकाळचा झाला की आपण दोघं पुढच्या दारात बसू. त्या वेळी मी चुलीपाशी नसेन.

घरात पायात काहीतरी घाला, हे मी तुम्हाला यापुढे सांगणार नाही. इतकी वर्षं तुम्ही गार फरशीवरून चालत आलात आणि मी आपली बघून चाला म्हणत राहिले. आपल्या भाषेत त्याला शब्द नाही, म्हणून त्यांचाच देते.

पोले, सारंगचे बाबा. पोले.

वाट बघा,
सारंगची आई